शिक्षावहीचं शेवटचं पान

सर,

तुमच्या त्या एका तडाख्याचा खर्च आज पहिल्यांदा नीट मांडून बघितला. डावा कान, अख्खा. दहावीचं उरलेलं वर्ष. तीन महिने कापूस, औषधाचे थेंब आणि उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग. आणि तेव्हापासून आजपर्यंत, कुठेही गेलो की आधी खुर्ची बघायची आणि मग माणूस, बोलणारा उजव्या हाताला आला पाहिजे म्हणून. बायको चारचौघांत सांगते, "ह्यांच्या डाव्या अंगाला मी फक्त शिव्या द्यायच्या असल्या की जाते." लोक हसतात, मीही हसतो, कारण ती काय म्हणाली ते मी तिच्या ओठांवरून ओळखलेलं असतं. उरलेला कान मात्र असा तयार झाला सर, की घाटकोपर ते मुलुंड कुठल्याही सोसायटीच्या जिन्यात उभा राहून मी सांगतो, खालच्या पंपाचं बेअरिंग गेलंय की नुसती हवा धरलीय. त्या एका कानावर मी पंपदुरुस्तीचं दुकान काढलं, मग दुसरं काढलं, पोरं शिकवली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बघ, शिक्षेचा फायदा झाला. म्हणूनच तुम्हाला काही सांगावं असं कधी मनात आलं नाही.

आता सांगावं लागतंय. आपल्या शाळेला नव्वद वर्षं होतायत आणि तिचा इतिहास छापायचं ठरलंय. समितीत मुख्याध्यापिका बाई आहेत, दोघं माझ्या आधीचे म्हातारे आहेत, आणि बाकीची सगळी माझ्या खूप नंतरची पोरं, ज्यांना मास्तर हात लावायलाही घाबरायचे. माझ्या वर्गातलं कोणी नाही. मला घेतलं कारण छपाईचा खर्च माझ्याकडून होणार होता, हे मला पक्कं माहीत आहे. आणि मी गेलो ते कशासाठी, हे त्यांना माहीत नव्हतं. इतिहास म्हणजे त्यांच्या मनात काय, तर तबेल्याच्या शेडमध्ये सुरू झालेले तीन वर्ग, मग दगडी इमारत, कोनशिला, पाहुण्यांचे हारतुऱ्यातले फोटो. मला हवी होती तुमची वही. जिन्याखालची तुमची खोली रिकामी केली तेव्हा नकाशांच्या गुंडाळ्यांमागे ती सापडली. लांबट, लाल कापडी पाठीची, वर तुमच्या अक्षरात "शिक्षा".

आजच्या पोरांना हे सांगितलं तर पटत नाही. आपल्या शाळेत वर्गात कोणी मारायचं नाही, असा तुमचा नियम. मास्तरांनी फक्त चिठ्ठी लिहायची. ती घेऊन पोरगा मधल्या सुट्टीनंतर जिन्याखाली उभा राहणार. तुम्ही आत बसलेले, इतिहासाचे शिक्षक, गोरे, चष्मा, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. चिठ्ठी वाचायचात, वही उघडायचात, तारीख, वार, इयत्ता, कारण, किती छड्या, सगळं आधी लिहायचात. नाव कधीच लिहायचं नाही, पोराची बदनामी नको म्हणून. मग टिपकागद दाबायचात. शिपाई वेताची छडी ओल्या फडक्याने पुसून तुमच्या हातात द्यायचा. मग तुम्ही नेहमीच्या, तास घेताना असतो तशा आवाजात म्हणायचात, "हात."

"आधी शाई, मग छडी," असं तुम्ही सांगायचात. "रागात मारतो तो मास्तर नव्हे." आणि खरंच, तुम्ही कधी रागावलेले दिसला नाहीत. तेच जास्त भयंकर होतं. छडी वर जायची, खाली यायची, तळहाताच्या मध्यावर, बोटांच्या पेरांवर नाही, कारण पेर मोडलं तर पोरगा लिहिणार कसा. पहिल्या छडीला नुसता चटका बसतो. दुसरी त्याच जागी येते. तिसरीला कातडी फुगते आणि चौथी त्या फुगीवर बसते तेव्हा गुडघे आपोआप वाकतात. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका धिप्पाड पोराने चौथीला चड्डी ओली केली होती. तुम्ही थांबलात, शिपायाला पाणी टाकायला सांगितलंत, पोराला कोपऱ्यात तोंड धुवायला लावलंत, आणि मग उरलेल्या दोन मारल्यात. वहीत सहा लिहिल्या होत्या ना. सहा म्हणजे सहा.

मी ती वही दुकानात बसून तीन दिवस वाचली. शाळेचा खरा इतिहास तिच्यात आहे, सर. सुरुवातीच्या पानांवर "खिडकीतून पळाला", "बाकावर खिळा ठोकला", "बाईंच्या खुर्चीवर बेडूक". मग गिरण्यांचा संप येतो आणि कारणं बदलतात. "वर्गात झोपला." "वर्गात झोपला." "गृहपाठ नाही." "वर्गात झोपला." पहाटे पेपर टाकून, दूध टाकून आलेली पोरं ती. पानंच्या पानं झोपेची, आणि प्रत्येकी चार. मी त्या ओळींवर बोट ठेवून बघत होतो, यातली माझी कुठली. निदान पाच तरी असतील.

आणि मी हे वाचतोय तोच तुमची मुलगी दुकानात आली. बोरिवलीहून, एकटी. बँकेतून रिटायर झालीय, केस पांढरे, डोळे तुमचे. माझ्या डाव्या हाताच्या खुर्चीत बसायला लागली.

"ताई, इकडे बसा, उजवीकडे."

"का हो?"

"डावा कान काम करत नाही. तुमच्या बाबांची कृपा."

ती उभीच राहिली. मग बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "म्हणजे तुमचा हिशोब चुकता करायचाय. बरोबर ओळखलं मी. ती वही छापणार म्हणे तुम्ही."

"शाळेचा इतिहास आहे तो."

"इतिहास? माझ्या बापाला खाटीक करून ठेवाल. एक जण फोटो काढेल आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर. दादा, हात जोडते, जाळून टाका ती. बाबांनी घरात मला कधी चापटसुद्धा मारली नाही."

"घरी वही नव्हती ना, ताई."

मला वाटलं उठून जाईल. तर ती अचानक खो खो हसली, आणि हसताहसताच रडायला लागली. "आईपण हेच म्हणायची," एवढंच बोलली. चहा अर्धा ठेवून गेली. जाताना दारातून वळून म्हणाली, "तुमच्या हातात आहे सगळं. ते गेल्याला वीस वर्षं झाली. आता त्यांचं नाव तेवढं उरलंय."

खरं सांगतो सर, त्या क्षणापर्यंत माझा विचार पक्का होता. वही जशीच्या तशी छापायची. पानन् पान.

तो दिवस तुम्हाला आठवत असेल. गुरुवार. दहावीच्या वर्गात दुसरं महायुद्ध आलं की तुम्ही पुस्तक मिटायचात, हे आमच्या आधीच्या पोरांनी सांगून ठेवलेलं. तुम्ही खिडकीला टेकता आणि सांगायला लागता. तुमचे वडील कोल्हापूरजवळ दूध घालायचे. तिथे लढाईच्या दिवसांत पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, बायका आणि मुलंच जास्त. रशियातून, इराणमधून, बोटीने, कुठून कुठून फरपटत आलेली. कोणाचा बाप मारलेला, कोणाची आई वाटेत टायफॉइडने गेलेली. एकसारख्या बराकींच्या रांगा. "आणि या माणसांनी तिथे काय काढलं? शाळा. साधी नव्हे, हायस्कूल, लॅटिनसकट. आपला देश नकाशावरून पुसलाय, आणि पोरांना त्याच देशाच्या नद्या पाठ करायला लावतायत!" तुम्ही आठ वर्षांचे, दुधाची किटली घेऊन खिडकीशी उभे. भाषा ओ की ठो कळत नाही. "पण एक गोष्ट मी बघून ठेवली. एकेक खिडकी फिरून बघितली. कुठल्याही वर्गात छडी नव्हती." तुमचा आवाज इथे खाली येतो. डोळ्यांत पाणी आहे, मला तिसऱ्या बाकावरून दिसतंय. आणि मला हेही माहीत आहे की घंटा झाली की तुम्ही जिन्याखाली जाणार आणि मी चिठ्ठी घेऊन तुमच्यासमोर उभा राहणार, कारण सकाळी गणिताच्या तासाला मी पुन्हा झोपलोय. खिशात ती चिठ्ठी आहे.

मी म्हणालो, "नसणारच ना सर. ती तुम्ही येताना उचलून आणलीत."

वर्ग फुटला. बाकं वाजली, कोणीतरी शिट्टी मारली. आणि तुम्ही खिडकीपासून चालत आलात. वही नाही, शाई नाही, चिठ्ठी नाही. उघडा पंजा, खांद्यापासून फिरवलेला. मी बाकाच्या कडेवर आपटलो, ओठ फाटला, आणि कानात काहीतरी फाटल्याचं मला आतून ऐकू आलं. चोळखणाचं कापड टरकावतात तसं. मग एक बारीक शिट्टी सुरू झाली. ती अजून चालू आहे, हे लिहितानाही. कानातून गरम धार मानेवर आली, शर्टाची कॉलर लाल. तुम्ही स्वतःच्या हाताकडे बघत होतात. काहीतरी बोललातही, ओठ हलले. काय बोललात ते मला कळलं नाही. पुढे आयुष्यभर माझ्यावर कोणाकोणाचे ओठ वाचण्याची वेळ आली, पण तेव्हा ती विद्या नव्हती.

घरी गेलो तर बाबा संपामुळे घरातच. दिवसभर भिंतीकडे बघत बसलेला माणूस. "मास्तरांनी मारलं म्हणजे तूच काहीतरी शेण खाल्लं असशील," म्हणत त्यांनी उजव्या बाजूने हात उगारला. आई मधे पडली. "एक कान तरी रवांदे त्याचो!" ती थप्पड तिच्या मनगटावर बसली. पुन्हा मी शाळेत गेलो नाही. कान वाहत होता, घरात पगार नव्हता, आणि जळक्या मोटरींना नव्या तारा भरणाऱ्या वाइंडिंगच्या दुकानात माणूस हवा होता. तिथल्या उस्तादाचा हातही हलका नव्हता, पान्याने मारायचा, पण तो निदान आधी लिहून ठेवत नसे. आणि मी? मी माझ्या मुलाला मारलं, सर. नववीत, मार्कांवरून. फक्त कान टाळायचो, पाठीत घालायचो. मला वाटायचं मी सुधारलेला बाप आहे.

तुमची मुलगी गेल्यावर मी वही पुन्हा उघडली, या वेळी मागून. माझा तडाखा तिच्यात नसणार, हे मी धरूनच चाललो होतो. तुमच्या सगळ्या नियमांबाहेरचा तो एकच, म्हणून तर मला वहीशेजारी माझा कान छापायचा होता. तर शेवटच्या पानावर, शेवटच्या ओळीत, तो होता. गुरुवार. दहावी. कारणाच्या रकान्यात: "शिक्षकाचा राग. मुलाच्या डाव्या कानावर हात. रक्त." शिक्षेच्या रकान्यात: "शिक्षकास सहा." खाली सही. पुढे पुठ्ठा.

शटर अर्धं ओढून मी ती ओळ पुन्हा वाचली. तुम्ही सहा छड्या खाल्ल्यात? कोणाच्या हातच्या? आणि वही तिथेच संपते. म्हणजे त्या दिवशी छडी कायमची खाली ठेवलीत तुम्ही. माझ्या कानापायी.

समितीच्या सभेत मी उभा राहिलो, मला भाषण येत नाही तरी. ते पान सगळ्यांना दाखवलं. म्हणालो, "या शाळेतली छडी कोणी बंद केली? कायद्याने? सरकारने? ह्या कानाने बंद केली. माझ्यानंतर या शाळेत एका पोराच्या हातावर वळ उठलेला नाही." अगदी छाती काढून. टाळ्या पडल्या. दोघा म्हाताऱ्यांपैकी एकाने नाक शिंकरलं. बाई म्हणाल्या, बाकी वही राहू दे, हे एक पान छापू, पूर्ण आकारात. तुमच्या मुलीला मी स्वतः फोन केला. ती म्हणाली, "दादा, तुम्ही माझे बाबा परत दिलेत हो." चार दिवसांत तिने ते पान साऱ्या नातेवाइकांना पाठवलं. सभेतलं माझं 'ह्या कानाने बंद केली' हे वाक्य खाली, जाड अक्षरात.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला साक्षीदार हवा होता. शहाणा माणूस ना मी, पंप दुरुस्त झाला तरी पुन्हा एकदा चालवून बघणारा. तो छडी पुसणारा शिपाई अजून आहे, जोगेश्वरीला मुलाकडे. पाठ वाकलीय, नजर गेलीय, बोलणं तेच मालवणी. मी पान वाचून दाखवलं तर मांडीवर हात मारून हसला.

"मारलंय मां! छडी माझ्या हातात दिल्यानी नि म्हणाले, मार. मी म्हटलंय, मास्तरांनू, नोकरी जातली माझी. तर म्हणाले, नाय मारलंस तर जातली."

"सहाच्या सहा?"

"चार बरोबर मारलंय. दोन हलक्यो. त्यांका कळला, पण काय बोलाक नाय."

"आणि मग छडी बंद."

"बंद खयची?" त्याने माझ्याकडे म्हणून बघितलं ते मी नव्हतो तिकडे. "वही भरली मां ती. मास्तरांनी दुसरी आणूक लावल्यानी. मीच हाडलंय ठेसनावरसून. रिटायर होताना माझ्याकडेच रवली." आणि त्याने सुनेला हाक मारून पलंगाखालची ट्रंक ओढायला लावली.

दुसरी वही हिरव्या पाठीची आहे. ती माझ्या गल्ल्याशेजारी, टेबलावर पडलीय. जिन्यात उभा राहून बेअरिंग ओळखणाऱ्या माणसाला, पान शिल्लक नाही म्हणजे वही भरली, एवढं साधं सुचलं नाही. तुमच्यावर रागावू म्हटलं तर तेही जमत नाही. तुम्ही सहा खाल्ल्यात तेही खरंच आहे, तुमच्या मुलीचं रडणंही खरं आहे. छापखान्यात पान उद्या सकाळी चढणार. बाईंचा नंबर समोर आहे, मुलीचा आहे. दोनदा उचलून फोन खाली ठेवला. हे पत्र टाकायला पत्ता नाही म्हणून ते लिहिणं सोपं गेलं. अजून कोणालाही काहीही सांगितलेलं नाही, सर.

हिरव्या वहीतली पहिली नोंद त्याच गुरुवारनंतरच्या सोमवारची आहे: नववी, प्रार्थनेला उशीर, मुलगे दोन, प्रत्येकी चार. खाली तुमची सही आहे.